टॉक्सोशेठ

कसाऱ्याची लोकल वाशिंदला थांबते तेव्हा उतरणाऱ्यांच्या गर्दीत टॉक्सोशेठही असतात. कुणाच्या दंडात, कुणाच्या मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात. ज्याच्या अंगात बसून आले त्यालाही त्यांचा पत्ता नसतो. लोकलच्या बाकावर चौथी सीट मागून घ्यायची रीत आहे. शेठ मागत नाहीत. जगात तिघांमागे एकाच्या शरीरात त्यांचा मुक्काम असावा असा अंदाज आहे, आणि एकदा टेकले की ते जन्मभर उठत नाहीत.

पूर्ण नाव टॉक्सोप्लाझ्मा गोंडी. एकपेशीय परजीवी, हिवतापाच्या जंतूंचे लांबचे भाऊबंद. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मावतील एवढेसे. एवढ्याशा जिवाला शेठ कशाला म्हणायचं? पण आपल्या शहापूर-मुरबाडकडे ज्याच्या नावावर चार ठिकाणी जागा तो शेठ, आणि या हिशेबानं ह्यांच्याएवढा जागामालक तालुक्यात सापडायचा नाही. शेळीत त्यांची जागा, उंदरात त्यांची जागा, परसातल्या कोंबडीत आणि उकिरड्याच्या ओल्या मातीतही. तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील तर ओळख असलेली बरी.

खानदानाचा त्यांना फार अभिमान. १९०८ साली ट्यूनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये चार्ल्स निकोल आणि लुई मान्सो यांना ते गुंडी नावाच्या एका कुरतडणाऱ्या प्राण्यात सापडले. त्याच साली ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना सशात सापडले. एका वर्षात दोन खंडांत जन्मनोंद! निकोल यांना पुढे १९२८ चं नोबेल मिळालं, पण ते टायफसवरच्या कामाबद्दल. शेठनी हे अजून मनात ठेवलं असावं.

पुढची तीस वर्षं त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या वुल्फ, कोवेन आणि पेज या तिघांनी एका महिन्याचं होऊन दगावलेल्या बाळाच्या मेंदूत त्यांना पकडलं. ते आईच्या पोटातच बाळापर्यंत पोचले होते. तेव्हापासून बाळंतपणाच्या पुस्तकात शेठचं नाव आलं ते काही केल्या निघालं नाही. १९४८ मध्ये रक्तातून त्यांचा माग काढायची पहिली भरवशाची तपासणी आली, ती सेबिन आणि फेल्डमन यांची. सेबिन म्हणजे तेच, ज्यांचे पोलिओचे थेंब आपल्याकडे पोरांच्या तोंडात पडले.

लग्नाच्या बाबतीत शेठ भलतेच चोखंदळ. मुक्काम कुठेही करतील, लग्न मात्र मांजराच्या आतड्यातच लावणार. दुसरं कार्यालय त्यांना चालत नाही. मांजरकुळातलं कुणीही असलं तरी बेहत्तर, म्हणजे मावशी तशीच तिचे भाचेही. तानसाच्या जंगलातला बिबट्यासुद्धा या कामाला उपयोगी, पण बिबट्या आपल्या पडवीत येऊन झोपत नाही, मांजर झोपते. हे कार्यालय नेमकं कुठलं हे कळायला माणसाला १९७० साल उजाडलं. शोधणाऱ्यांत भारतात जन्मलेले पशुवैद्यक जे. पी. दुबे होते.

कार्यालयापर्यंत पोचायची त्यांची रीत मात्र उलट्या काळजाची. आधी उंदराच्या अंगात शिरायचं आणि मग त्या उंदरालाच मांजराच्या तोंडी द्यायचं. एरवी मांजराच्या मुताचा वास आला की उंदीर पाय लावून पळतो. २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की शेठ डोक्यात बसले की त्याची ती भीती जाते. काही उंदीर तर वासाकडेच वळतात. भाताच्या कणगीमागे एका झेपेत उंदीर धरणाऱ्या मांजरीला वाटतं, काय आपली चपळाई! वऱ्हाड आपल्याच पोटात निघालंय हे बिचारीला ठाऊक नसतं.

या मांजरीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण शेठच्या सगळ्या भानगडींत नाव तिचं जातं. शेठ पहिल्यांदा पोटात आले की मांजर एक ते तीन आठवडे त्यांची अंडी विष्ठेतून टाकते, लाखोंनी टाकते. मग तिच्या शरीराला त्यांची ओळख पटते आणि बहुतेक मांजरींचा हा कार्यक्रम तिथेच संपतो. अंडी टाकणारं मांजर बहुधा नुकतंच शिकार शिकलेलं पिल्लू असतं. चुलीशेजारी अंगाचं मुटकुळं करून पडलेली दहा वर्षांची म्हातारी या धंद्यातून कधीच निवृत्त झालेली असते. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवल्यानं शेठ सहसा येत नाहीत. ती दिवसभर अंग चाटत असते, तिच्या केसांत त्यांना टिकाव नाही. पण घरात पाळी चुकल्याची बातमी आली की वडीलधाऱ्यांची नजर आधी तिच्यावर जाते आणि मागल्या दारी गोणी शोधली जाते.

शेठचा एक गुण मात्र बायकांच्या पथ्यावर पडणारा आहे. ते आळशी आहेत. ताज्या विष्ठेतून ते कुणाला काही करू शकत नाहीत. अंगात दम यायला त्यांना बाहेरच्या हवेत एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घरात मांजराच्या घाणीचं टोपलं असेल तर ते रोजच्या रोज साफ झालं पाहिजे, आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी केलं पाहिजे. ‘दुसऱ्या कुणी’ म्हटल्यावर घरातले पुरुष पेपरात डोकं घालतात हे मला माहीत आहे. घालू द्या. नऊ महिने हे टोपलं त्यांच्याच वाट्याला असू द्यावं. घरात दुसरं कुणी नसेलच तर हातात प्लास्टिकची पिशवी घालावी आणि नंतर साबणानं कोपरापर्यंत हात धुवावेत.

पण वाशिंदच्या मांजरीला टोपलं कुठलं? तिला लागते भुसभुशीत जागा, आणि ती आता गावात जिकडेतिकडे आहे. स्टेशनच्या दोन्ही अंगांना इमारती उठतायत, प्रत्येकीसमोर रेतीचा ढीग. मांजरीच्या दृष्टीनं बिल्डरनं केलेली ही उत्तम सोय. त्याच रेतीत दुपारी मजुरांची पोरं घरं बांधतात आणि त्यांच्या आया घमेली भरतात. त्यांतल्या एखादीला चौथा महिना असतो. रात्री ढिगावर ताडपत्री ओढायला किती वेळ लागतो? पण सिमेंट भिजू नये म्हणून ताडपत्री असते. रेतीला कोण विचारतो?

आळशी असल्यानं शेठना घाईही नसते, हा त्यांच्या आळसाचा दुसरा पैलू. ओल्या, सावलीतल्या मातीत ते वर्ष-वर्ष वाट बघत पडून राहतात. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, तेव्हा पटकीचे नि अतिसाराचे जंतू पटापट मान टाकतात. शेठ त्या वासाला नाकसुद्धा मुरडत नाहीत. त्यांचं कवच पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. १९९५ मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात नळाच्या पाण्यातून त्यांनी हात दाखवला. २००४-०५ च्या सुमारास कोइमतूरमध्ये अडीचशेच्या आसपास माणसं डोळ्यांच्या दुखण्यानं दवाखान्यात आली, तेव्हाही संशय पाण्याच्या साठ्यावरच गेला. ते भितात दोनच गोष्टींना: खळखळ उकळीला आणि कडक उन्हात सुकून जाण्याला. गर्भार बाईला उकळलेलं पाणी द्या असं आशाताई सांगते तेव्हा तिच्या मनात कावीळ आणि जुलाब असतात. शेठ त्या सूचनेत आपोआप उकळले जातात.

त्यांचा आवडता हंगाम पावसाळा. जून-जुलैत शहापूर तालुका गुडघाभर चिखलात असतो. आवणात लावणी चाललेली असते आणि वाकलेल्या रांगेत पोटुशी सूनही असते. ‘लावणीला माणूस मिळत नाही’ या वाक्यापुढे डॉक्टरचं काही चालत नाही. इथं एक गैरसमज काढून टाकतो. चिखलात अनवाणी उभं राहिल्यानं शेठ तळपायातून चढत नाहीत. पायाची वाट दुसऱ्या जंतांची आहे. शेठना तोंड लागतं. ते नखाखाली जाऊन बसतात आणि बांधावर भाकरी सोडली जाण्याची वाट बघतात. दुपारी बांधावर हात धुतात ते कशात? त्याच आवणाच्या पाण्यात, दोनदा बुचकळून. शेठना याहून सोयीचं काय हवं? भाकरीच्या फडक्यात साबणाची वडी आणि एका बाटलीत घरचं पाणी गेलं की त्यांचा अर्धा हंगाम बुडतो.

पावसाळ्यात आणखी एक लाडाची गोष्ट असते, ती म्हणजे काकडी. वेलावरची तोडायची, पदराला पुसायची आणि तिथंच मोडून खायची. ती चव ताटातल्या काकडीला नाही, हे मान्य. पण पदर हे शेठवरचं औषध नाही. काकडी, मुळा, कोथिंबीर, पातीचा कांदा, जे जे जमिनीला टेकून वाढतं आणि कच्चं पोटात जातं ते पाण्यात खळखळून, चोळून धुतलंच पाहिजे. शेवळं, भारंगी, कुरडू, टाकळा या रानभाज्यांपुढे मात्र शेठ हात टेकतात. आपल्या बायका रानभाजी शिजवल्याशिवाय ताटात घेत नाहीत. शेवळं तर घसा खाजू नये म्हणून इतकी शिजवतात की शेठचा टिकाव लागायची बातच सोडा.

डोहाळ्यांचं काय विचारता! चिंच, आवळा, कैरी, सगळे गोड डोहाळे. पण काहींना मातीचे डोहाळे लागतात. पहिल्या पावसाचा वास आला की भिंतीचा पोपडा, अंगणातलं ढेकूळ गुपचूप तोंडात जातं. घरचे हसून सोडून देतात. हसायचं कारण नाही. माती खावीशी वाटणं हे पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं, आणि अंगणातली कच्ची माती म्हणजे शेठना दिलेलं घरपोच आमंत्रण. अशा सुनेला रागावण्याऐवजी दवाखान्यात हिमोग्लोबिन बघायला न्यावं आणि लोहाच्या गोळ्या खरंच गिळल्या जातात की उशीखाली जातात हे पाहावं.

मटणाच्या दारानंही शेठ येतात. युरोपात हेच त्यांचं मोठं दार. १९६५ साली देमों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसच्या क्षयरोग रुग्णालयातल्या मुलांवरचं एक निरीक्षण छापलं. त्या काळी क्षयाच्या मुलांना ताकद यावी म्हणून जेमतेम भाजलेलं मांस देत. आधी वर्षाला शंभरातल्या दहाएक मुलांना शेठची लागण होत होती. अर्धकच्चं गोमांस सुरू झाल्यावर पन्नासांना, आणि मेंढीचे तसेच अर्धकच्चे तुकडे वाढल्यावर जवळपास सगळ्यांना. आपल्याकडे ही मात्रा चालत नाही. आपलं मटण हाडापासून सुटेपर्यंत रटरटतं आणि मांसाच्या आतपर्यंत ६७ अंशांची उष्णता पोचली की शेठचा खेळ खलास. इथल्या गृहिणीनं शेठचं नावही न ऐकता पिढ्यान्‌पिढ्या त्यांना तांबड्या रश्श्यात मारलं आहे.

तरी फटी आहेतच. गटारीच्या रात्री निखाऱ्यावर वरवर भाजलेली कलेजी ‘तुला ताकद येईल’ म्हणून पोटुशीच्या हातावर ठेवली जाते. ज्या विळीवर मटण चिरलं तिच्यावरच न धुता काकडी चिरली जाते. मटण शिजायच्या आधी मीठ-मसाला चाखायची सवयही त्यातलीच. ताकद डाळीत आहे, अंड्यात आहे, पूर्ण शिजलेल्या कलेजीतही आहे. कलेजी मात्र बेतानं खावी.

आता मुद्द्यावर येतो, कारण शेठचा खरा स्वभाव इथं दिसतो. ते जुने ओळखीचे असले तर अत्यंत सभ्य. लग्नाआधी कधी लहानपणी, मातीत खेळताना, ते एखादीच्या अंगात येऊन गुपचूप बसले असतील, तर तिचं शरीर त्यांना ओळखून असतं आणि गर्भाला ते सहसा बोट लावत नाहीत. (एचआयव्हीसारख्या आजारानं शरीराचा पहारा ढिला पडला असेल तर गोष्ट वेगळी.) धोका आहे तो पहिली भेट नेमकी त्या नऊ महिन्यांत झाली तर. आणि तेव्हाही शेठ ओरडाआरडा करत नाहीत. थोडी कणकण, मानेतल्या गाठी सुजणं, थकवा. बहुतेकींना तेवढंही नाही.

त्यांची बाळाशी वागणूकही वाकडीच. लागण जितकी उशिरा, तितकी ती बाळापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त: तेराव्या आठवड्यात सुमारे १५ टक्के, सव्विसाव्यात ४४, छत्तिसाव्यात ७१. पण जितकी लवकर, तितकी दुखापत मोठी. पहिल्या महिन्यांत पोचले तर गर्भ पडू शकतो, डोक्यात पाणी साठू शकतं, मेंदूला इजा होऊ शकते. शेवटी पोचले तर बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं आणि कित्येक वर्षांनी डोळ्याच्या पडद्यावर डाग निघतो. शाळेत फळ्यावरचं दिसत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या मुलाच्या आईला आपल्या सातव्या महिन्यातली काकडी कशी आठवणार?

आणि आता त्यांची हौस. शेठना प्रसिद्धीची भारी हाव. १९७१ मध्ये आंद्रे नाहमियास यांनी गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची एक मोट बांधली आणि तिला ‘टॉर्च’ नाव दिलं. त्यात पहिलं अक्षर शेठचं. तेव्हापासून ते स्वतःला मोटेचे अध्यक्ष समजतात. एखादीचा गर्भ दोन-तीनदा पडला की टॉर्चची तपासणी लिहिली जाते, कल्याणहून कागद येतो आणि टॉक्सोपुढे ‘पॉझिटिव्ह’ छापलेलं असतं. घरात रडारड, मांजरीला हद्दपारी, औषधांचं बिल वेगळंच. कागद नीट वाचला तर बहुधा त्यावर ‘आयजीजी’ असतं, म्हणजे जुनी ओळख. गर्भार बाईसाठी ती दिलाशाचीच गोष्ट. ‘आयजीएम’, म्हणजे नव्या भेटीची खूण, असलं तरी लगेच घाबरायचं कारण नाही. ते महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त रेंगाळतं, आणि कधी मुळातच चुकीचं येतं. आणि पुन्हापुन्हा पडणाऱ्या गर्भांचा दोष शेठवर घालणाऱ्यांना एकच विचारावं: एकाच माणसाची पहिली भेट तीनदा कशी होईल? त्या बाईचं खरं दुखणं बिचारं रांगेत मागे उभं असतं आणि शेठ पुढे होऊन फोटो काढून घेतात.

ओळख जुनी की नवी हे ठरवायची ‘एव्हिडिटी’ नावाची तपासणी आहे. रक्तातल्या प्रतिपिंडांची शेठवरची पकड किती घट्ट आहे ते ती पाहते. पहिल्या सोळा आठवड्यांत पकड घट्ट निघाली तर भेट गरोदरपणाआधीची, विषय संपला. सैल निघाली तरी भेट नवी असेलच असं नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त, आणि डॉक्टरला गरज वाटली तर अठराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची तपासणी. भेट खरंच नवी ठरली तर स्पायरामायसिन देतात, शेठ बाळापर्यंत पोचू नयेत म्हणून. पोचलेच असतील तर औषधं बदलतात. आपल्याच मनानं गोळ्या सुरू करण्याचं हे दुखणं नव्हे, तसंच कागद कपाटात दडवून ठेवण्याचंही नव्हे.

फ्रान्समध्ये १९७८ पासून कायद्यानं बायकांचं रक्त शेठसाठी तपासतात, आणि ज्यांची त्यांच्याशी ओळख नाही त्यांचं पुढे गरोदरपणात दर महिन्याला. आपल्याकडे तसा सरसकट नियम नाही. एम्सच्या संशोधकांनी देशाच्या चार भागांतल्या मूल होण्याच्या वयाच्या बायकांचं रक्त तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष छापले: दक्षिणेत ३७.३ टक्के बायकांशी शेठची जुनी ओळख निघाली, पश्चिमेत फक्त ८.८ टक्के. आपल्या बाजूला त्यांचा वावर कमी, ही चांगली बातमी. पण याचाच अर्थ असाही की इथल्या बहुतेक सुना त्यांना अजून भेटलेल्या नाहीत, आणि त्यांच्यासाठी साबणाची वडी तपासणीच्या कागदाहून जास्त कामाची आहे.

बाळ झाल्यावर शेठचा धसका अंगावरच्या दुधापर्यंत नेऊ नये. दुधातून ते जात नाहीत, बाळाला पाजावं.

राहिली ती गोणीतली मांजरी. तिला भातसेच्या पलीकडे सोडून आलं की आठवड्यात कणगीमागे खुडबुड वाढते. महिन्याभरात उंदीर पोतं कुरतडतात, सासरे कावतात आणि कुणीतरी शेजारून दोन महिन्यांचं गोंडस पिल्लू घेऊन येतं. शिकारीला नवखं, शेठना कधी न भेटलेलं, नेमकं त्यांना हवं तसं. म्हातारी असू द्यावी घरात. तिला शिजवलेलं घालावं, उंदीर कमी धरेल. आणि पिल्लू आणायचंच असेल तर बारसं होऊन जाऊ द्यावं.